नवा पिस्टन टाकला तरी टू-स्ट्रोक पुन्हा पकडतंय? पिस्टन निवडण्याआधी काय बघायचं, काय मोजायचं

ब्लॉक (सिलिंडर) बोअर झाला, म्हणजे आतून कापून मोठा केला, नवा पिस्टन-रिंगचा सेट बसला, दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू झाली. काही दिवस सगळं छान. मग एका लांब चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज बसल्यासारखा होतो, गाडी मागून कुणी ओढल्यासारखी सुस्तावते आणि मागचं चाक लॉक होतं, म्हणजेच इंजिन पकडतं. क्लच दाबून बाजूला घ्यायची, दहा मिनिटं थांबायचं, किक मारली की पुन्हा सुरू. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच निष्कर्ष काढतो: पिस्टन डुप्लिकेट होता, दुसऱ्या कंपनीचा टाकू.

कधीकधी पिस्टन खरंच वाईट असतो. पण जुनी टू-स्ट्रोक इंजिनं सतत उघडणाऱ्या माणसाला दिसतं ते वेगळंच. ज्या कारणाने पहिला पिस्टन गेला ते कारण इंजिनात तसंच बसलेलं असतं, किंवा पिस्टन चांगला असतो पण त्याला लागणारी जागा ब्लॉकमध्ये ठेवलेली नसते. म्हणून पिस्टनची तुलना या लेखात बरीच खाली येते. आधीच्या तपासण्यांना फुकट ते किरकोळ एवढाच खर्च आहे. बोअरचं तसं नाही. तो एकदा मोठा केला की लहान होत नाही.

लक्षणं

पूर्ण जाम होण्याआधी इंजिन बहुतेक वेळा इशारा देतं. खालच्यापैकी काय दिसतंय ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

– एकसारख्या थ्रॉटलवर बराच वेळ चालवल्यावर ताकद कमी होते आणि थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही.
– थंड इंजिनात टकटक, गरम झाल्यावर बंद.
– उलट, थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर धातू घासल्यासारखा आवाज.
– चढावर किंवा जास्त लोडवर खडखड, मूठभर खिळे डब्यात हलवल्यासारखी.
– किकला कॉम्प्रेशन कमी लागतं, गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं.
– कमी आरपीएमला कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे येतो. हे लक्षण पिस्टन बदलल्यानंतरच सुरू झालं असेल तर ते फार बोलकं आहे, त्याबद्दल पुढे.
– पूर्वी नसलेलं कंपन, तेही ठरावीक वेगाला.

ब्लॉकला हात लावण्याआधी

पेट्रोल पुरेसं येतंय का, इथून सुरुवात. कार्ब्युरेटरची नळी काढून भांड्यात धरा आणि कॉक उघडा. धार अखंड हवी. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत असेल तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडल्यावर धार सुधारली की खात्री पटली. टू-स्ट्रोकमध्ये ही तपासणी चार-स्ट्रोकपेक्षा कितीतरी महत्त्वाची, कारण पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. शिवाय पेट्रोलच्या बाष्पीभवनाने पिस्टनला मिळणारा थंडावाही जातो. लांब सरळ रस्त्यावर पकडणाऱ्या कितीतरी गाड्यांचा दोष या एवढ्याशा भोकात निघतो.

मग तेलाचं प्रमाण. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिलि, ३२:१ म्हणजे ३१ मिलि, ५०:१ म्हणजे २० मिलि. इंजिनाच्या पुस्तकात जे आहे ते मोजून टाका, बाटलीच्या झाकणाने अंदाजे नको. 'जास्त तेल टाकलं की सुरक्षित' हा समज पक्का रुजलेला आहे. तेल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणारं पेट्रोल तेवढं घटतं आणि मिश्रण थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, शिवाय सायलेन्सर लवकर कोंदतो तो वेगळाच. ऑइल पंप असलेल्या गाडीत पंपाची केबल आणि खुणा जुळतात का ते पाहा. पंपाबद्दल शंका असेल तर ती फिटेपर्यंत टाकीत मिश्रण घालून चालवा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं लीन होतंच. दहा टक्के इथेनॉलला हा फरक तीन-चार टक्क्यांचा पडतो. जेटिंग आधीच काठावर असेल तर तेवढा पुरतो.

प्लग काढून पाहा. रंग बघाच, पण त्यावर लिहिलेला नंबरही बघा. जरुरीपेक्षा 'हॉट', म्हणजे स्वतःची उष्णता हळू सोडणारा, प्लग लावलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. इन्सुलेटरवर बारीक चकाकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. तिथून पुढे गाडी चालवून बघण्यात अर्थ नाही, थेट हेड उघडा.

हवेची गळती हा या सगळ्यातला सर्वांत लबाड दोष. इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधला रबर, त्याची गॅसकेट, ब्लॉकच्या तळाची गॅसकेट इथे थोडं कार्ब क्लीनर फवारा. सायलेन्सर आणि प्लगची वायर यांच्यापासून लांब राहा, आग लागते. आरपीएम बदलला की जागा सापडली. चुंबकाच्या बाजूचं क्रँक सील गळत असेल तर मॅग्नेटोची प्लेट आतून ओलसर दिसते आणि थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लटकून राहतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, धूर वाढतो, तेलाची पातळी घटत जाते. पहिल्या प्रकारात मिश्रण लीन होऊन पिस्टन जातो, आणि अशा इंजिनात जगातला सर्वोत्तम पिस्टन टाकला तरी तोही जाईल.

टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, तपासायला प्लगच्या भोकात डायल गेज लावा. पॉइंटच्या (उघडल्यावर स्पार्क पाडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) गाडीत एक गोष्ट लक्षात ठेवायची: पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं, गॅप वाढवला की टायमिंग पुढे जातं. म्हणजे 'स्पार्क चांगला येऊ दे' म्हणून कुणी गॅप मोठा करून ठेवला असेल तर त्याने नकळत टायमिंग अ‍ॅडव्हान्स केलं आहे. चढावरची खडखड बऱ्याचदा इथूनच येते. पुस्तकात पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या टोकाच्या) किती मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत ते दिलेलं असतं. तो आकडा पाळा, कानाने लावलेलं टायमिंग सोडून द्या.

सायलेन्सरचा बॅफल काढून जाळून साफ करणं आणि फ्लोटची पातळी बघणं हेही याच टप्प्यात उरकून घ्या.

जुना पिस्टन काय सांगतो

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा सापडलं पण एकदा जाम होऊन गेलंय, तर हेड आणि ब्लॉक काढावाच लागेल. ब्लॉक वर येताच क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबा. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी छोटी कडी) आत पडली की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

जुना पिस्टन पुसू नका. त्यावरच्या खुणा हाच पुरावा आहे.

गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी उभे घासल्याचे पट्टे असतील तर पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त वेगाने फुगला. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, कमी होता, किंवा थंड इंजिनाला लगेच पिळलं. नव्या बोअरनंतर लवकर पकडणाऱ्या इंजिनात ही खूण नेहमीची.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णता किंवा तेलाचा दोष धरा: लीन मिश्रण, हवेची गळती, टायमिंग. ती बाजू मुळात सर्वांत तापते, म्हणून आधी तीच जाते.

इनटेकच्या बाजूला मंद करडा, वाळूच्या कागदाने घासल्यासारखा भाग म्हणजे धूळ आत गेली. एअर फिल्टर फाटलाय किंवा त्याच्या रबरात फट आहे.

माथ्याची कड बारीक चावल्यासारखी दिसली तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रण एकदम भडकून बसणारा धक्का. माथ्याच्या मध्येच वितळून खड्डा किंवा भोक पडलं असेल तर बहुधा प्री-इग्निशन (स्पार्कआधीच पेट घेणं); प्लगचा नंबर आणि टायमिंग पुन्हा तपासा.

एक्झॉस्ट पोर्टच्या (ब्लॉकमधल्या धूर बाहेर जाण्याच्या खिडकीच्या) मधल्या पट्टीसमोर एकच उभा पट्टा घासलेला असेल तर ती पट्टी तापून आत फुगते. हा दोष पिस्टन बदलून जात नाही. बोअर करताना त्या पट्टीला किंचित आराम द्यावा लागतो, आणि काही पिस्टनांना तिच्यासमोर तेलासाठी दोन बारीक भोकं पाडतात. हे काम बोअरवाल्याकडूनच करून घ्या.

या खुणांपैकी पहिली सोडली तर बाकी एकीचाही दोष नव्या पिस्टनच्या डब्यात सापडणार नाही.

मोजमाप

व्हर्निअरने हे काम होत नाही. त्याचा सर्वांत बारीक भाग ०.०२ मिमी, आणि आपल्याला ०.०४ की ०.०६ एवढा फरक ओळखायचाय. मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतं. तुमच्याकडे नसेल तर बोअरवाल्याकडे असतंच. समोर उभं राहून आकडे लिहून घ्या.

तरी घरी करता येईल अशी एक युक्ती सांगतो. जुन्या पिस्टनची रिंग ब्लॉकमध्ये टाका, पिस्टनच्या माथ्यानेच ढकलून सरळ करा आणि तोंडाचा गॅप फिलर गेजने मोजा. एकदा ब्लॉकच्या तळाजवळ, जिथे झीज जवळजवळ नसते, आणि एकदा वर, पोर्टच्या वरच्या पट्ट्यात. दोन गॅपमधल्या फरकाला ३.१४ ने भागा. आला तो आकडा म्हणजे त्या दोन जागांच्या व्यासातला फरक. गॅप वर ०.१० मिमीने जास्त भरला तर बोअर वर साधारण ०.०३ मिमीने उघडलाय. बोअर अंडाकृती झालाय का हे यातून कळत नाही, पण 'नुसत्या रिंगा टाकून चालेल का' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

रिंगच्या गॅपचा ढोबळ हिशेब म्हणजे बोअरच्या ०.४ टक्के. ५० मिमीला ०.२० मिमी, ६५ मिमीला ०.२६. याहून कमी गॅप असेल तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग ब्लॉकला ओरबाडते. मग दोष मात्र पिस्टनच्या नावावर जातो.

आता पिस्टन शेजारीशेजारी ठेवा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, 'कितीचा हवा?' म्हणजे मूळ मापापेक्षा किती मिमी मोठा: ०.२५, ०.५०, ०.७५ की १.००. हा प्रश्न बरोबरच आहे, पण तो शेवटी यायला हवा. बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला, असं टू-स्ट्रोकमध्ये कधीच होत नाही, कारण इथे पिस्टन स्वतःच व्हॉल्व्हचं काम करतो. त्याचा माथा एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर (क्रँककेसमधलं मिश्रण वर आणणारे पोर्ट) उघडतो, त्याचा स्कर्ट (खालचा भाग) इनटेक उघडतो आणि बंद करतो.

उदाहरण द्यायचं तर यामाहाची आर-५ आणि तिच्यामागून १९७३ साली आलेली आरडी-३५०. दोन्हींचा बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिमी. पण आर-५ मध्ये इनटेक स्कर्टच्या कडेने उघडतो, तर आरडीमध्ये रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी पाती) आहे आणि पिस्टनच्या मागच्या बाजूला खिडक्या आहेत. खिडक्यांचा पिस्टन रीड नसलेल्या इंजिनात गेला तर इनटेक नको तेव्हा उघडा राहतो आणि क्रँककेसमध्ये दाबच तयार होत नाही. आरएक्स-१०० आणि सुझुकीची एएक्स-१००, दोघींचा ५० गुणिले ५०. तरी पिस्टन अदलाबदलीचे नाहीत. त्याहून जुनी गंमत डीकेडब्ल्यू आरटी-१२५ ची. युद्धानंतर तिच्या नकला जगभर झाल्या: बीएसए बँटम, हार्लेची हमर, यामाहाची पहिली वायए-१, सोव्हिएत मिन्स्क. सगळ्यांचा बोअर-स्ट्रोक ५२ गुणिले ५८. डब्यावर '५२ मिमी' एवढंच वाचून पिस्टन घेणाऱ्याला या कुटुंबात फसायला भरपूर वाव आहे.

म्हणून जुना पिस्टन आणि नवे उमेदवार सपाट काचेवर उभे ठेवून क्रमाने बघा.

गजन पिनच्या मध्यापासून माथ्याच्या कडेपर्यंतची उंची आधी मोजा. ही अर्धा मिलिमीटर जास्त असली तर हेडमधली जागा तेवढीच घटते, कॉम्प्रेशन वाढतं आणि एक्झॉस्ट उशिरा उघडतो. कमी असली तर उलट. जोडल्यावर खात्रीसाठी सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे माथ्यावर पिनच्या रेषेत चिकटवा, हेड बसवून इंजिन हाताने एकदा फिरवा आणि चेपलेली तार मोजा. तार पिनच्या रेषेतच ठेवायची, नाहीतर पिस्टन डोलतो आणि आकडा खोटा येतो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जागा कमी भरत असेल तर किक मारू नका.

मग इनटेकच्या बाजूच्या स्कर्टची लांबी. रीड नसलेल्या इंजिनात स्कर्ट १ मिमी आखूड असेल तर इनटेक दोन्ही टोकांना दोन-सव्वादोन अंश, म्हणजे एकूण चार-साडेचार अंश जास्त वेळ उघडा राहतो. वर म्हटलेला कार्ब्युरेटरमधून मागे येणारा फवारा आठवा. पिस्टन बदलल्यानंतर तो सुरू झाला असेल तर जेट बदलत बसू नका, आधी स्कर्ट मोजा. तसंच पिस्टन टीडीसीला नेऊन एक्झॉस्टच्या भोकातून आत डोकवा. स्कर्टच्या खालून पोर्टची फट दिसायला लागली तर जळका वायू थेट क्रँककेसमध्ये जातोय. तो पिस्टन परत करा.

रिंगचं तोंड जागेवर धरणाऱ्या खिळ्यांची जागा ब्लॉकवर धरून बघा. रिंगचं तोंड कुठल्याही पोर्टवरून जाता कामा नये, नाहीतर ते पोर्टमध्ये अडकून तुटतं. इनटेकजवळ खिळा असलेला पिस्टन आणि मोठा रुंद इनटेक असलेला ब्लॉक ही जोडी हमखास गोत्यात आणते.

रिंगचा प्रकारही जुळायला हवा. साधी चौकोनी रिंग आणि वरून उतरती असलेली कीस्टोन रिंग एकमेकींच्या खाचेत बसवू नयेत. बसल्यासारख्या वाटतात, तेवढंच. क्रोमचा थर असलेल्या ब्लॉकमध्ये क्रोमची रिंग चालत नाही.

गजन पिनचा व्यास आणि पिस्टनच्या आतल्या दोन्ही खांद्यांमधलं अंतर जुन्याशी जुळवा. वजनही करा, पिन आणि रिंगांसकट. सिंगल सिलिंडरचा क्रँक एका ठरावीक वजनाच्या हिशेबाने बॅलन्स केलेला असतो. नवा पिस्टन बराच जड असेल तर ते ठरावीक वेगाचं कंपन तिथून येतं. ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच जोडीचे घ्या, 'एकच खराब झालाय' म्हणून एकच घेऊ नका.

यानंतर पिस्टनचा दर्जा. चांगला पिस्टन गोल नसतो, सरळही नसतो. माथ्याकडे तो बारीक असतो, कारण तिथे जास्त तापतो. पिनच्या दिशेने त्याचा व्यास कमी असतो, कारण तिथे धातू जाड आहे आणि जास्त फुगतो. मायक्रोमीटरने स्कर्टवर पिनच्या काटकोनात मोजा, मग शक्य तितकं पिनच्या दिशेने, मग वर रिंगांजवळ. तिन्ही आकडे सारखे आले तर कारखान्याने फक्त लेथवर गोल फिरवून दिलाय. तो गरम झाल्यावर चार कोपऱ्यांनी पकडणार, तुम्ही क्लिअरन्स कितीही मोजून द्या. या तीन मोजमापांइतकं पिस्टनबद्दल दुसरं काहीच सांगत नाही, डब्यावरचं नाव तर नाहीच. शिवाय खिडक्यांच्या कडांना ओतीव कामाचे काटे, आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं, रिंगच्या खाचेत रिंग अडखळणं, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

ओतीव की फोर्ज्ड (ठोकून घडवलेला)?

जुन्या रस्त्यावरच्या गाडीला माझं मत ओतीव पिस्टनच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण स्वस्ताई नाही.

पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन जितकं जास्त तितका तो कमी फुगतो. चांगल्या ओतीव पिस्टनात ते बारा टक्क्यांच्या आसपास असतं, काहींत सोळा-अठरापर्यंत. फोर्ज्ड पिस्टन दोन मुख्य मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण बारा टक्के. २६१८ मध्ये ते जवळजवळ नाहीच. हा फार चिवट, शर्यतीचा मार खाणारा, पण जास्त फुगणारा. ६५ मिमीचा पिस्टन दीडशे अंशांनी तापला तर २६१८ हा ४०३२ पेक्षा साधारण ०.०३ मिमीने जास्त फुगतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एकूण क्लिअरन्सच जिथे ०.०५ आहे तिथे हा निम्म्याहून जास्त हिस्सा झाला.

याच कारणाने एका पिस्टनसाठी केलेला बोअर दुसऱ्या प्रकारच्या पिस्टनला चालत नाही. हवेवर थंड होणाऱ्या, लोखंडी लायनरच्या ५० ते ६५ मिमी बोअरमध्ये ओतीव पिस्टनला ढोबळमानाने ०.०४ ते ०.०६ मिमी, फोर्ज्डला ०.०७ ते ०.१० मिमी लागतात. पिस्टनसोबत कागद आला असेल तर त्यावरचाच आकडा अंतिम, आणि स्कर्टवर नेमक्या कोणत्या उंचीला मोजायचं तेही त्यावरच असतं. फोर्ज्ड पिस्टन ओतीवच्या क्लिअरन्सवर बसवला तर पकडतो. बरोबर क्लिअरन्सवर बसवला तर थंड असताना टकटकतो. ही टकटक दोष नाही; ज्याला ती सहन होणार नाही त्याने तो घेऊ नये.

जुन्या साठ्यातला, कंपनीच्या डब्यातला कोरा पिस्टन मिळाला तर उत्तम. रिंगा गंजल्यात का आणि पिन सहज सरकते का एवढं बघा. स्कर्टवर काळा ग्राफाइटसारखा थर असेल तर व्यास थरासकट धरायचा की सोडून, हे कागदावर बघून बोअरवाल्याला सांगा.

आणि नेहमीची गल्लत: माथ्यावर '५०' कोरलेलं असतं ते ओव्हरसाइज, म्हणजे ०.५० मिमी. काही उत्पादक मात्र पिस्टनचा प्रत्यक्ष व्यास कोरतात. आरएक्स-१०० च्या ०.५० ओव्हरसाइजला बोअर ५०.५० च्या आसपास होईल आणि पिस्टन स्वतः त्याहून क्लिअरन्सइतका लहान असेल. आकडा वाचून बोअर करणारा कारागीर मिळाला तर ब्लॉक उचला आणि दुसरीकडे जा. आधी पिस्टन हातात, त्याचं माप, त्यात क्लिअरन्स मिळवायचा, आणि मग बोअर. 'तुम्ही बोअर करून ठेवा, पिस्टन मागवलाय' हे वाक्य तोंडातून काढू नका.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

बोअरिंग आणि होनिंग (दगडाने बारीक घासून माप देणं) घरचं काम नाही. ड्रिलमध्ये लावायच्या तीन दगडी होनरने पोर्ट असलेल्या बोअरचा आकार बिघडतो, दगड पोर्टमध्ये अडकतात. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची कड हलकी तासून दिली आहे ना, हे ब्लॉक घेताना बोट फिरवून बघा. धारदार कड राहिली तर नवी रिंग पहिल्याच फेरीत चावली जाते.

ब्लॉकला आतून निकासिलचा (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा) किंवा क्रोमचा थर असेल तर बोअर होतच नाही. थर पुन्हा चढवून घ्यावा लागतो, ते खास काम आहे. जाम झाल्यावर ब्लॉकला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम आम्लाने काढण्याचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. आम्ल चुकून अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला लागलं तर ब्लॉकच खातं, आणि त्याच्या वाफा फुप्फुसात जातात.

कनेक्टिंग रॉड टीडीसीला धरून सरळ वर-खाली हलवा. बाजूला डोललं तर चालतं, तेवढी जागा ठेवलेली असते. वर-खाली जराही खेळ लागला तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलंय. दाबून बसवलेला क्रँक उघडणं, नवी पिन घालणं आणि डायल गेजवर सरळ करणं हे प्रेस आणि अनुभव असलेल्याचंच काम. बेअरिंग गेलेलं असताना वर नवा पिस्टन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

क्रँक सीलवर संशय असेल आणि फवारून काही कळलं नाही तर दाबाची चाचणी करून घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये साधारण ०.४ बार दाब भरतात आणि तो टिकतो का बघतात. मिनिटभरात लक्षणीय घसरला तर साबणाच्या पाण्याने जागा शोधायची. ट्विनमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या तपासायच्या, कारण मधलं सीलही गळतं. सील बदलायला क्रँककेस फोडावी लागणार असेल आणि तुमच्याकडे पुलर नसेल, तर तिथेच थांबा.

बसवताना आणि पहिल्या फेऱ्या

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिप नव्याच, जुनी ताठ दिसली तरी फेकून द्या. छोट्या टोकाचं बेअरिंग पिस्टनसोबतच बदला. ब्लॉक खाली उतरवताना रिंगची तोंडं खिळ्यांवर आहेत ना ते बघा, ब्लॉक गोल फिरवू नका आणि जोर लावू नका.

पहिल्यांदा सुरू केल्यावर हात टेकवता येणार नाही इतकं गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. थंड इंजिनावर हेडचे नट पुस्तकातल्या टॉर्कला पुन्हा तपासा. रस्त्यावर थ्रॉटल एका जागी धरून ठेवू नका, आणि लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी इंजिनवर ओढू देऊ नका. त्या वेळी पेट्रोलसोबत तेलही जवळजवळ बंद असतं.

अशा थोड्या फेऱ्या झाल्या की थंड इंजिनाचा सायलेन्सर सोडवा, किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वर-खाली करा आणि टॉर्च धरून एक्झॉस्ट पोर्टमधून स्कर्ट बघा. यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतील तर चालवत राहा. बाजूंना चमकणारे उभे पट्टे सुरू झाले असतील तर गाडी पकडायची वाट बघू नका. ब्लॉक काढा आणि पिस्टनसह बोअरवाल्याकडे नेऊन पुन्हा मापून घ्या. बहुतेक वेळा होनरने ०.०१ मिमी काढलं की काम होतं, आणि तोच पिस्टन पुढे वर्षानुवर्षं चालतो.